मे महिन्यात नेपियर खालून का वाळतं: मुळं थंड ठेवण्याची पद्धत, पायरीपायरीने

एप्रिल सरता सरता विदर्भातल्या पुष्कळ गोठ्यांवर एकच तक्रार ऐकू येते. नेपियरला, म्हणजे चाऱ्याच्या हत्ती गवताला, पाणी आहे, युरिया पडलेला आहे, तरी खालची पानं भराभर पिवळी पडून वाळतात आणि हिरवा म्हणून कापलेल्या भाऱ्यात निम्मा पाचोळा निघतो. मग आणखी युरिया टाकला जातो, भर दुपारी मोटर सुरू होते, कृषी केंद्रातून टॉनिकची बाटली येते. हे तिन्ही उपाय पानाकडे पाहून केलेले असतात. पान वेळेआधी म्हातारं होतं ते मुळं तापल्यामुळे. मुळं थंड ठेवण्याची सोय मार्चमध्येच केली, तर मे महिन्यातही चारा बऱ्यापैकी हिरवा राहतो.

खालचे सगळे हिशेब १० गुंठ्यांचे, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटरचे आहेत. लागवड ९० × ६० सेंमी धरली आहे. वाण फुले जयवंत असो, डीएचएन-६ असो की सीओ-४, पद्धत तीच.

पानाचं म्हातारपण ठरतं कुठे

गवताचं पान वाळतं तेव्हा ते नुसतं मरत नाही. झाड त्याची पद्धतशीर मोडणी करतं. पानातला बहुतांश नत्र हिरव्या कणांतल्या प्रथिनांत अडकलेला असतो. ती प्रथिनं तोडून झाड नत्र वर नव्या पानाकडे किंवा बुंध्याकडे पाठवतं आणि मागे उरतो तो पाचोळा. म्हणून पिवळेपणा टोकाकडून सुरू होतो आणि देठाकडे सरकतो. म्हणूनच वाळलेल्या पानात जनावराला मिळण्यासारखं प्रथिन फारसं उरत नाही.

ही मोडणी कधी सुरू करायची, हे संजीवकांच्या, म्हणजे झाडातल्या हार्मोनच्या, तोलावर ठरतं. सायटोकायनिन पानाला तरुण ठेवतं. इथिलीन आणि ॲब्सिसिक आम्ल त्याला म्हातारपणाकडे ढकलतात. केळी-आंबे पिकवणारा वायू तो हाच इथिलीन. सायटोकायनिन गटातलं पहिलं संजीवक, कायनेटिन, १९५५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सापडलं. दोनच वर्षांत असं दिसलं की तोडलेल्या पानाला ते दिलं तर पान जास्त दिवस हिरवं राहतं. झाडातलं मुख्य नैसर्गिक सायटोकायनिन, झिएटिन, १९६३ मध्ये मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून वेगळं काढलं गेलं. त्याचं नावही मक्याच्या शास्त्रीय नावावरूनच पडलं आहे.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट पुढे आहे. सायटोकायनिन तयार होण्याची मोठी जागा म्हणजे मुळांची कोवळी टोकं. तिथून ते पाण्याबरोबर वर चढतं. मुळाचं टोक भाजलं की हा पुरवठा आटतो. पानाला ही खबर लगेच लागते आणि सर्वांत जुन्या पानापासून मोडणी सुरू होते. अमेरिकेत बिंगरू हुआंग यांच्या गटाने हिरवळीच्या बेंटग्रास गवतावर हे तपासलं. हवा थंड ठेवून फक्त माती ३५ अंशांवर नेली, तरी पानं पिवळी पडली. हवा तापलेली ठेवून मुळं थंड केली, तर गवत सावरलं. मुळांपाशी झिएटिनसारखं सायटोकायनिन दिलं, तर पान वाळणं लांबलं.

बेंटग्रास हे थंड हवेचं गवत आहे. नेपियर ३५ अंशांच्या हवेत जोमाने वाढतं, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. दुखणं ज्या वाटेने पानापर्यंत पोचतं ती वाट मात्र तीच आहे. विदर्भाच्या काळ्या मातीत नेपियरचीही सहनशक्ती संपते. मे महिन्यात हवा ४५ अंशांपुढे जाते आणि उघडी काळी जमीन पृष्ठभागावर ५५-६० अंशांपर्यंत तापते. रात्रीही जमीन पुरती निवत नाही. गरम मातीत मुळाचा श्वास वाढतो, पानाने दिवसभर केलेली साखर त्यातच खर्च होते आणि नवी टोकं फुटायला काही उरत नाही.

आधी खात्री करा: हे उष्णतेचंच आहे का

दहा फुटव्यांना, शेताच्या वेगवेगळ्या भागांत, नुकत्याच पूर्ण उघडलेल्या वरच्या पानाच्या देठाशी रंगीत दोरा बांधा. खालची किती पानं हिरवी आहेत ते लिहून ठेवा. आठवड्याने परत मोजा. वर जितकी नवी पानं आली तितकीच खाली वाळली असतील, तर तो झाडाचा नेहमीचा क्रम आहे. वर एक आलं आणि खाली तीन-चार गेली, तर पान वेळेआधी म्हातारं होतंय.

मग कारण वेगळं काढा.

नत्र कमी असेल तर जुन्या पानावर टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने आत शिरणारा पिवळा पट्टा दिसतो आणि तो सगळ्या वावरात सारखा असतो. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडतं, तेव्हा खालची पानं हिरवी राहून कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. याला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून संध्याकाळी फवारा. पानामागे बारीक जाळी आणि वर पांढुरके ठिपके असतील तर कोळी कीड आहे.

पाण्याचा ताण ओळखायला पहाटे सहाला वावरात जा. दुपारी पान मिटणं चालतं. पहाटेही मिटलेलं असेल तर पाणी कमी पडतंय.

पहाटे पान उघडं, चार बोटांखाली माती ओली आणि तरी टोकं कागदासारखी पांढरी होऊन खालची पानं जात असतील, तर ती उष्णता. अशी झाडं आधी पश्चिमेच्या धुऱ्यालगत (बांधालगत), विरळ जागी आणि नुकत्याच कापलेल्या तुकड्यात दिसतात, कारण तिथे जमिनीवर सावली नसते.

अंदाजावर न राहता मोजलेलं बरं. लांब सळईचा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. जमीन कडक असेल तर आधी खिळ्याने भोक पाडा, सळई १० सेंमी खोल घाला आणि पाच मिनिटं थांबा. दोन जागी मोजा: एक ओळीच्या मध्ये उघड्यावर, दुसरी ठोंबाच्या सावलीत. वेळ संध्याकाळी चार ते पाचची घ्या. वरची माती दुपारी दोनला सर्वांत जास्त तापते, पण ती उष्णता १० सेंमीपर्यंत उतरायला दोन-तीन तास लागतात. दुपारी मोजून «ठीक आहे» म्हणणारे इथेच फसतात. १० सेंमीवर ३५ अंशांच्या आत ठेवणं हे कामाचं लक्ष्य धरा. ४० दिसत असेल तर पुढचं सगळं वाचून लगेच कामाला लागा.

आच्छादन: सर्वांत मोठं काम, मार्चच्या मध्यापर्यंत

तापलेल्या जमिनीवर आच्छादन घातलं तर आतली उष्णता बराच काळ आतच राहते. म्हणून होळीच्या आसपास हे काम संपलं पाहिजे.

क्रम असा ठेवा. आधी ओळींच्या मधून हलका डवरा फिरवून भेगा बुजवा. काळ्या जमिनीच्या भेगेतून ओल तर जातेच, पण भेग रुंदावताना बारीक मुळं तुटतात, आणि उरलेल्यांना गरम हवा थेट लागते. मग ओलित करा. वापसा आला की ठिबकची नळी ठोंबाजवळ सरळ करा आणि तिच्यावरून आच्छादन पसरा, म्हणजे नळीही सावलीत जाते. शेवटी वरून हलकं पाणी मारा. कोरडं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पहिल्याच वावटळीत शेजारच्या वावरात जातं.

प्रमाण चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे १० गुंठ्यांना साधारण पाच क्विंटल. उभं राहून खाली पाहिलं तर माती दिसता कामा नये. एवढ्या थराने वरच्या मातीचं दुपारचं तापमान काही अंशांनी उतरतं आणि बाष्पीभवनही घटतं. पसरून चार दिवस झाले की थर्मामीटर पुन्हा लावा आणि आकडा लिहून ठेवा. उतार दिसला नाही तर थर विरळ आहे.

काय वापरायचं ते भागाप्रमाणे ठरतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची तणीस मिळते आणि ती उत्तम. पश्चिम विदर्भात गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचं कुटार. चांगलं कुटार जनावरांनाच घाला, पावसात भिजून बुरशी आलेलं आच्छादनाला ठेवा. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, चुरा टिकाऊ असतो, पण तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपलेली असते. त्यामुळे बोंडं वेचून नष्ट केल्याशिवाय आणि श्रेडरमधून बारीक केल्याशिवाय पऱ्हाटी वावरात आणू नका. काळा प्लास्टिक कागद इथे नको. तो स्वतः तापतो, आणि नेपियरचा ठोंब पसरत जातो तसा फाटतो.

इथे चुका होतात त्या अशा. ठोंबाच्या अंगावर कुटार चढवलं की ओलाव्याने बुंधा कुजतो. चारी बाजूंनी तीन बोटं जागा मोकळी सोडा. कोरड्या आच्छादनात उधई (वाळवी) येते. ती मेलेला काडीकचरा खाते, पण पाणी तोडलं तर ठोंबाकडे वळते, म्हणून आच्छादनाखाली ओल टिकवा. भुसा मातीत मिसळू नका. त्यात नत्र फार कमी असतो, तो कुजवायला जिवाणू मातीतला नत्र उचलतात आणि तुमचं नेपियर त्याने पिवळं पडतं. शेवटची गोष्ट आगीची. मे महिन्यात धुरे जाळले जातात. वावराच्या कडेने दोन मीटर पट्टा साफ ठेवा.

पाणी: किती आणि मुख्य म्हणजे कधी

मे महिन्यात भरगच्च उभ्या नेपियरला रोज साधारण ८ मिमी पाणी लागतं असं धरा. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे १० गुंठ्यांना दिवसाला ८,००० लिटर. कापणीनंतर पहिले दहा दिवस याच्या निम्मं पुरतं.

९० सेंमीवर नळी आणि ६० सेंमीवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल, तर १० गुंठ्यांत सुमारे १,८५० ड्रिपर बसतात. ते तासाला ७,४०० लिटर देतात. म्हणजे रोज सुमारे एक तास पाच मिनिटं. पण ड्रिपर खरंच ४ लिटर देतो का? खाली मापाचा पेला धरा. ९० सेकंदांत १०० मिली भरले पाहिजेत. नळीच्या शेवटच्या टोकाला ६०-७० मिलीच भरत असतील, तर तिकडची झाडं पिवळी का, याचं उत्तर तिथेच आहे. आधी नळ्यांची टोकं उघडून गाळ काढा.

पाटपाणी असेल तर पाच दिवसांनी एकदा, ४० मिमी, म्हणजे ४०,००० लिटर. एक सरी आड एक भिजवलेली चांगली.

वेळ ही प्रमाणाइतकीच मोलाची आहे. रात्री किंवा पहाटे दिलेलं पाणी मातीला उरलेल्या रात्रीत निवू देतं. भर दुपारी पाटाने दिलेलं पाणी तापलेल्या काळ्या मातीवर साचतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना साडेसहाच्या आत. इकडे तापलेल्या मुळाला ऑक्सिजन जास्त हवा असतो. गुदमरलेलं मूळ इथिलीनचा कच्चा माल तयार करून वर पाठवतं. पानात हवा असतेच, तिथे त्याचं इथिलीन होतं. दुपारच्या भरघोस पाण्यानंतर तीन-चार दिवसांनी खालची पानं एकदम का जातात, ते यावरून कळेल.

वीज पाळीने येते, त्यामुळे दिवसपाळीच्या आठवड्यात अडचण होते. त्या आठवड्यात वीज येताच पाणी द्या आणि सकाळी नऊच्या आत संपवा. सौर पंप असेल तर ऊन धरताच सुरू करा किंवा दिवसा टाकी भरून रात्री उताराने ठिबक सोडा. टाकी काळी, उन्हात उभी असेल तर तिला बाहेरून चुना मारा. नळीतलं गरम पाणी थोडंच असतं, त्याची फार काळजी नको. टाकीभर तापलेलं पाणी मात्र मुळांना सोसत नाही. विहिरीचं-बोरचं पाणी थेट मिळालं तर सर्वांत चांगलं.

कापणी: सावली एकदम काढू नका

उभं नेपियर स्वतःच्या मुळांवर छत्री धरून असतं. सगळं वावर एकदम कापलं की दुसऱ्या दिवशीपासून जमीन उघडी तापते, नेमकी जेव्हा ठोंबाला नवी मुळं आणि नवे फुटवे दोन्ही काढायचे असतात.

१० गुंठ्यांचे सहा तुकडे पाडा, प्रत्येकाला वेगळा कॉक बसवा आणि एक तुकडा एक आठवडा पुरवा. सहा आठवड्यांनी, ४२ दिवसांनी, पाळी फिरून येते. तुकड्याच्या आत पूर्वेकडून कापायला सुरुवात करा. पश्चिमेच्या झळा अडवायला उभ्या ओळी शेवटपर्यंत राहतात. पावसाळ्यात १० सेंमीवर कापत असाल, तर एप्रिल-मेमध्ये १५ सेंमी बुंधा ठेवा. नव्या फुटीची साखर त्याच बुंध्यात साठलेली असते. विळा धारदार हवा, कारण चेचलेला बुंधा खालपर्यंत वाळतो. कापणी संध्याकाळी करा. कापलेल्या जागी आच्छादन विस्कटलं असेल तर त्याच दिवशी नीट करा आणि रात्री पाणी सोडा.

चारा वाढावा म्हणून ६०-७० दिवस थांबणं उन्हाळ्यात तोट्याचं आहे. तोवर खालची पानं सावलीनेच म्हातारी होतात, आणि ती म्हातारी पानं कोणत्याही पाण्याने परत हिरवी होत नाहीत.

खत आणि फवारणी

प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र ही नेहमीची मात्रा आहे. १० गुंठ्यांना ती साडेपाच किलो युरिया होते, सहापैकी एका तुकड्याला ९०० ग्रॅम. कापल्याच्या दिवशी टाकू नका. पाच-सहा दिवसांनी फूट दिसली की निम्मा, आणखी आठवड्याने उरलेला, ठिबकातून. हाताने टाकायचा असेल तर आच्छादन बाजूला सारून मातीवर टाका आणि लगेच पाणी द्या. आपल्या चोपण-चुनखडीच्या गरम जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो.

पालाशासाठी १३:००:४५ हे विद्राव्य खत १० लिटरला १०० ग्रॅम घेऊन फवारा, १० गुंठ्यांना ५० लिटर पाणी. संध्याकाळी साडेपाचनंतर, १०-१२ दिवसांच्या अंतराने दोनदा. फवारल्यावर आठवडाभर तो तुकडा कापू नका.

टॉनिकबद्दल स्पष्ट मत असं: प्रयोगशाळेत सायटोकायनिन दिल्याने पान हिरवं राहतं हे खरं आहे, पण म्हणून बाजारातली कोणतीही बाटली तेच करेल असं नाही. बाटलीवर घटक आणि त्याचं प्रमाण छापलेलं नसेल, तर ती चाऱ्यावर मारूच नका, कारण तो चारा दुभत्या जनावराच्या पोटात जातो. मूळ ४० अंशांत भाजत असताना वरून दिलेला थेंब फार तर चार दिवस निभावतो. तेच पैसे कुटाराच्या ट्रॉलीला घाला.

ज्वारी शेजारी असेल तर

बरेच जण नेपियरच्या जोडीला उन्हाळी ज्वारी पेरतात. उष्णतेने आणि पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी, विशेषतः कापणीनंतरची फूट, जनावराला मारू शकते. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. फुलोऱ्याआधी ज्वारी घालू नका, आणि ताण बसलेल्या वावरात जनावर मोकळं सोडू नका. खाल्ल्यावर लगेच धाप लागली, तोंडाला फेस आला, जनावर थरथरू लागलं, तर पशुवैद्यकाला तातडीने बोलवा. इंजेक्शनने जनावर वाचतं, पण वेळ मिनिटांत मोजायची असते. वाळवल्यावर हे विष बरंच कमी होतं.

नेपियरमध्ये हा धोका सहसा नसतो, नायट्रेटचा मात्र आहे. ताण बसलेल्या पिकाला भरपूर युरिया दिला की नायट्रेट बुंध्याच्या खालच्या भागात साचतं. वाळवून ते जात नाही. शंका असेल तर फूटभर उंचावरून कापा, कुट्टी करून कडब्यात मिसळा आणि उपाशी जनावराला ते पहिलं घालू नका.

पहिला पाऊस

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की नेपियर एकदम उसळतं आणि लगेच कापायचा मोह होतो. आठ-दहा दिवस थांबा, कारण ताण सुटल्यावर मुळं मातीतला नत्र भराभर ओढतात आणि नायट्रेट याच काळात चढतं. कुजत आलेलं आच्छादन ओळीतच राहू द्या, पण पाणी साचणाऱ्या सखल जागेतलं काढून घ्या. याच पावसावर पश्चिम आणि वायव्य धुऱ्याला शेवरीची दाट ओळ टोकून द्या, एक-एक फुटावर. पुढच्या मार्चपर्यंत ती डोक्यावर जाते, झळा अडवते, आणि तिचा पाला नेपियरमध्ये मिसळला की प्रथिनाची कमतरताही भरून निघते.